शिक्का कोणाचा? नाशिकमधलं खासगी विद्यापीठ, आतून

नाशिकच्या एखाद्या जुन्या घरातल्या तीन पिढ्यांच्या पदव्या शेजारी शेजारी मांडून बघा. आजोबा १९४० च्या सुमारास एच. पी. टी. कॉलेजातून बी.ए. झाले असतील तर त्यांच्या कागदावर मुंबई विद्यापीठ दिसेल. वडिलांच्या कागदावर पुणे विद्यापीठ. नातवानं २०१४ नंतर पदवी घेतली असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. कॉलेज रोड आहे तिथेच आहे, शिक्का मात्र दर वेळी बाहेरगावाहून आला.

खासगी विद्यापीठाचा विषय निघाला की लोक इमारती, एकर आणि प्लेसमेंटचे आकडे बोलतात. माझ्या मते सगळी गोम या शिक्क्यात आहे. पदवीवर स्वतःचं नाव छापण्याचा हक्क मिळाला की तोवर दुसरं कुणीतरी मुकाट्यानं उचलत असलेलं ओझंही आपल्या खांद्यावर येतं. ते ओझं काय असतं, हे बघितल्याशिवाय नाशिकमधल्या खासगी विद्यापीठाची, म्हणजे संदीप विद्यापीठाची, वाढ कळत नाही.

आधी थोडा मागचा धागा. मराठा विद्या प्रसारक समाज, म्हणजे आपलं मविप्र, १९१४ चं. गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची, तिचं एच. पी. टी. कॉलेज १९२४ पासून. तेव्हा मुंबई विद्यापीठाला (स्थापना १८५७) पर्याय नव्हता. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं आणि त्याच्या पदरात सुरुवातीला बारा जिल्हे होते. मग एकेक भाग सुटत गेला. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. जळगाव-धुळे पुण्यापासून सुटले, नाशिक मात्र पुणे आणि नगरच्या जोडीनं तिथेच राहिलं. गंमत अशी, की नाशिकमध्ये विद्यापीठांची मुख्यालयं नव्हती असं नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला आलं आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये म्हसरूळला. मुंबई-नागपूरच्या डॉक्टरच्या पदवीवर नाशिकचा शिक्का बसतो, आणि नाशिकमध्ये रोज वर्गात बसणाऱ्या बी.कॉम.च्या पोराच्या पदवीवर पुण्याचा. हा उलटा कारभार आजही चालू आहे.

खासगी पैशावर चालणाऱ्या कॉलेजांचं पेव फुटलं ते १९८३ नंतर. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. नाशिकमध्ये के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ चं. पुढे मविप्रचं आलं, आडगावला भुजबळ नॉलेज सिटी आली, त्र्यंबक रोडला महिरावणीत २००८ पासून संदीप फाउंडेशनची महाविद्यालयं सुरू झाली. सगळ्यांचा शिक्का पुण्याचाच. अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, निकाल सगळं पुण्याहून. कॉलेजनं शिकवायचं, फी घ्यायची आणि निकालाची वाट बघायची.

२०१५ मध्ये संदीप विद्यापीठाचा स्वतंत्र कायदा विधिमंडळानं केला आणि हे चित्र बदललं. राज्यात ही लाट नवीच होती. २०१४ मध्ये मुंबईच्या अ‍ॅमिटीचा कायदा झाला, मागोमाग पुण्याकडे फ्लेम, अजिंक्य डी. वाय. पाटील आणि एमआयटी-एडीटी.

प्रत्येकाला वेगळा कायदा कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर छत्तीसगडमध्ये आहे. तिथे २००२ मध्ये एक सरसकट कायदा झाला, त्याखाली सरकारनं अधिसूचना काढली की विद्यापीठ तयार. बघता बघता ११२ विद्यापीठं झाली, त्यातली कित्येक एखाद्या खोलीत थाटलेली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयानं त्या कायद्याची संबंधित कलमं रद्द केली. आयोगाच्या २००३ च्या नियमांत तर स्पष्टच होतं की खासगी विद्यापीठ राज्याच्या स्वतंत्र कायद्यानं स्थापन व्हावं. महाराष्ट्र त्याच वाटेनं गेला. या सगळ्यांसाठीचा एकत्रित कायदा राज्यानं २०२३ मध्ये केला.

आता प्रत्यक्ष क्रम. आधी प्रायोजक मंडळ लागतं: सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत संस्था किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. ते शासनाकडे प्रकल्प अहवाल देतं. छाननी समिती जागा, इमारत, पैसा बघते. पटलं तर इरादापत्र, म्हणजे शासनाचा तत्त्वतः होकार, मिळतो. मग अटींची पूर्तता, कायम ठेव, आणि शेवटी विधेयक. राज्याचा कायदा झाला की आयोगाच्या अधिनियमातल्या कलम २(फ) खाली विद्यापीठाचं नाव यादीत चढतं आणि कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा हक्क मिळतो. जाहिरातीत 'यूजीसी (म्हणजे हाच आयोग) मान्यताप्राप्त' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच. आयोगाचा निधी मिळण्यासाठीचं कलम १२(ब) वेगळं, त्याची पात्रता वेगळी.

इरादापत्राआधीच बरीच प्रकरणं अडकतात, आणि अडकतात ती जमिनीवर. पाहिजे सलग जमीन, मालकी निर्विवाद, सातबाऱ्यावर बोजा नाही. न्यास शेतकरी नसतो, म्हणून शेतजमीन घ्यायची तर कुळकायद्याच्या कलम ६३ ची परवानगी, मग बिनशेती. शहराच्या हद्दीत एवढं सलग क्षेत्र मिळणं आणि परवडणं दोन्ही अवघड. म्हणूनच 'शहरी' विद्यापीठ प्रत्यक्षात सातपूर एमआयडीसी ओलांडून, पिंपळगाव बहुलाच्याही पुढे जाऊन बसतं. पोरं राहतात अशोकनगर-श्रमिकनगरात, जातात त्र्यंबकच्या दिशेनं. २०२१ मध्ये महापालिकेची सिटीलिंक आल्यापासून जरा बरं झालं, तरी बस चुकली की पहिलं लेक्चर गेलं. आणि या रस्त्याचं वेळापत्रक सिंहस्थ ठरवतो. २०१५ मध्ये पर्वणीच्या दिवशी त्र्यंबक रोडवर खासगी गाड्यांना बंदी होती. पुढच्या पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत, म्हणजे बरोबर प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्या आणि पहिल्या सत्राची सुरुवात. परीक्षा विभागानं हे दिवस आजच कॅलेंडरवर लाल करून ठेवायला हरकत नाही.

शिक्का मिळाला की पहिला धक्का परीक्षा विभागाला बसतो. संलग्न कॉलेजात परीक्षा म्हणजे वर्ग रिकामे करणं, पर्यवेक्षक नेमणं आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सीलबंद करून पाठवणं. बाकी सगळं पुण्यात. विद्यापीठ झाल्यावर प्रत्येक विषयाचं अभ्यास मंडळ पाहिजे, त्यात बाहेरचे तज्ज्ञ पाहिजेत, वर विद्यापरिषद. प्रत्येक पेपरचे निदान दोन-तीन संच, वेगवेगळ्या प्राध्यापकांकडून. मॉडरेशन, उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकून कोड टाकणं, तपासणी, फेरतपासणी, गुणांची खातेवही, ट्रान्स्क्रिप्ट, मायग्रेशन, आणि सगळं डिजिलॉकरवर चढवणं. एका सत्रात ४० विषय असले आणि प्रत्येकाचे तीन संच म्हटले तरी १२० प्रश्नपत्रिका झाल्या. पहिल्या दोन-तीन वर्षांत चूक होते ती इथेच. प्रश्नपत्रिका काढणारा, शिकवणारा आणि तपासणारा एकच माणूस होतो, कारण त्या विषयाचे प्राध्यापकच दोन असतात. मग निकाल भरघोस लागतो, पालक खूश होतात, आणि चार वर्षांनी कंपनीच्या लेखी परीक्षेत फुगा फुटतो.

सार्वजनिक विद्यापीठांना २०१६ च्या कायद्यानं बंधन घातलंय: निकाल ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करा, ४५ दिवसांच्या पुढे जाऊ नका. पुण्याचे निकाल रखडले की नाशिकची पोरं चरफडतात. छोट्या विद्यापीठाचा निकाल पटकन लागतो, हे खरं. पण पटकन लागलेल्या निकालात सरासरी किती आणि नापास किती, हेही विचारून घ्यावं.

दुसरं ओझं माणसांचं. अभियांत्रिकीचं सरळ गणित मांडतो. एका शाखेत ६० जागा, चार वर्षं, म्हणजे २४० विद्यार्थी. तांत्रिक शिक्षण परिषदेचं (एआयसीटीई) प्रमाण २० विद्यार्थ्यांना १ शिक्षक, म्हणजे १२ शिक्षक. त्यांची उतरंड १:२:६. बाराला नऊने भागलं की साधारण एक प्राध्यापक, तीन सहयोगी, आठ सहायक. हे प्रमाण मंजूर जागांवर धरतात, भरलेल्या जागांवर नाही. म्हणजे ६० पैकी ४२ च भरल्या तरी पगार बारा जणांचे. शिवाय पहिल्या वर्षी रिकामी राहिलेली जागा चार वर्षं रिकामीच राहते. डिप्लोमाची मुलं थेट दुसऱ्या वर्षाला येतात, तेवढीच काय ती भरपाई. १८ रिकाम्या जागा गुणिले चार, एका तुकडीमागे ७२ वार्षिक फिया बुडाल्या. हा खड्डा बुजवायला सोपी युक्ती म्हणजे प्राध्यापकाची जागा रिकामी ठेवायची आणि सहायकांवर भागवायचं. संकेतस्थळावरची शिक्षकांची यादी उघडून पदं मोजलीत तर युक्ती पकडता येते. बारापैकी अकरा सहायक असतील तर समजून जा.

एक बारकावा इथे सांगायला हवा. विद्यापीठाला अभियांत्रिकीसाठी तांत्रिक शिक्षण परिषदेची पूर्वपरवानगी बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये भारतीदासन विद्यापीठाच्या प्रकरणात सांगितलंय. मात्र दर्जाचे निकष पाळावेच लागतात. फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर, नर्सिंग यांचं तसं नाही. तिथे त्या त्या परिषदेची मान्यता नसेल तर पदवी हातात असूनही नोंदणी होत नाही. बी.फार्म. झालेल्या मुलाला फार्मासिस्ट म्हणून नोंद मिळाली नाही तर त्या कागदाचं करायचं काय? प्रवेशाच्या आधी त्या परिषदेच्या संकेतस्थळावर त्याच वर्षाच्या यादीत नाव बघायचं. गेल्या वर्षीच्या मान्यतापत्राची छायाप्रत दाखवली तर ती चालवून घेऊ नये.

तिसरं ओझं संशोधनाचं, आणि कॉलेजातून विद्यापीठ झालेल्यांचा पाय सगळ्यात जास्त घसरतो तो इथे. नॅक म्हणजे महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. तिच्या २०१७ च्या चौकटीत हजार गुण ठेवले होते. संलग्न कॉलेजला अध्यापन-मूल्यमापनाचे ३५० आणि संशोधनाचे ११०-१२०. विद्यापीठाला अध्यापनाचे २०० आणि संशोधनाचे २५०. जी संस्था वर्षानुवर्षं चांगलं शिकवून गुण मिळवत आली, तिच्या पायाखालची पट्टीच एका रात्रीत बदलते. दोन तुकड्या बाहेर पडल्या किंवा सहा वर्षं झाली की नॅकला पात्र. म्हणजे संशोधन उभं करायला फार तर सहा वर्षं. एवढ्यात प्रयोगशाळा, निधी, शोधनिबंध आणि पीएच.डी. हे सगळं कुठून आणायचं?

मग पीएच.डी.चा कारखाना निघतो. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगीकडे ६ आणि सहायकाकडे ४ च विद्यार्थी. वरच्या बारा जणांचं गणित धरलं तर ८ + १८ + ३२, म्हणजे ५८. ही कागदावरची कमाल मर्यादा झाली. मार्गदर्शकाची स्वतःची पीएच.डी. पाहिजे, प्रकाशित निबंध पाहिजेत, नोकरी नियमित पाहिजे. आठ सहायकांपैकी तिघांचीच पीएच.डी. झालेली असेल तर ३२ चे १२ होतात आणि एकूण आकडा ३८ वर येतो. किमान तीन वर्षं, किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क. 'दीड वर्षात पीएच.डी.' असं कुणी म्हणालं तर तिथूनच माघारी फिरावं. राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना आयोगानं याच भानगडीवरून २०२५-२६ पासून पाच वर्षं पीएच.डी.ला विद्यार्थी घ्यायला बंदी केलीय. नोकरीत बढतीसाठी पीएच.डी. करणाऱ्या शिक्षकांनी हे जास्त लक्षात ठेवावं.

शाखा कुठल्या वाढवायच्या, यातही मला विसंगती दिसते. नाशिकचा कारखानदारी पिंड यंत्र आणि विजेचा. सातपूर-अंबडला बॉश, महिंद्रा आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योग, ओझरला विमानांचा कारखाना. मागणी मात्र कॉम्प्युटरला. २०२४-२५ पासून परिषदेनं चांगल्या संस्थांवरची प्रवेशक्षमतेची मर्यादा उठवली, तेव्हापासून कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढताहेत. एक तुकडी वाढवायला संगणक कक्ष आणि शिक्षक लागतात. यंत्रशाळेपेक्षा ते स्वस्त पडतं, हेही एक कारण आहेच. लेथ, मिलिंग, वेल्डिंगचा शेड बांधायचा, माणूस ठेवायचा, वीज वेगळी. संस्था हिशेब बघते, त्यात नवल नाही. पण अंबडच्या कारखान्यात डिझाइनचा माणूस पुण्याहून येतो तेव्हा जरा वाईट वाटतं.

आता पालकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट. महिरावणीच्या आवारात खासगी विद्यापीठ आहे आणि पुणे विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयंही आहेत. संस्थापक संस्था एक, पण शिक्के दोन. संलग्न महाविद्यालयाचा प्रवेश राज्याच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांतून, चार-पाच अंकी कॉलेज कोड टाकून. विद्यापीठाचा प्रवेश त्याच्या स्वतःच्या प्रक्रियेनं. पैशाचा फरक तर मोठा आहे. मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत देणारा ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय (उत्पन्न मर्यादा ८ लाख) अनुदानित, विनाअनुदानित महाविद्यालयं आणि सार्वजनिक विद्यापीठांना लागू आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे संदीपसारखी खासगी, विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. मुलीचं नाव घालताना गेट एकच दिसतं म्हणून सवलत मिळेल असं धरून चाललं, तर पहिल्या वर्षाच्या फीला घाम फुटतो. पावतीच्या माथ्यावर महाविद्यालयाचं नाव आहे की विद्यापीठाचं, एवढं वाचलं तरी पुरे. विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती असू शकते, ती पुढच्या वर्षी टिकायला किती गुण लागतात हे लेखी घ्यावं.

संदीप विद्यापीठ याच नावाचं दुसरं विद्यापीठ बिहारमध्ये, मधुबनी जिल्ह्यातल्या सिजौलला २०१७ पासून आहे. ती नाशिकची शाखा नाही. बिहारच्या कायद्याखालचं ते स्वतंत्र विद्यापीठ आहे. खासगी विद्यापीठाला दुसऱ्याची कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत, आणि मुख्य आवाराबाहेर केंद्र काढायचं तर पाच वर्षं थांबून आयोगाची परवानगी लागते. त्यामुळे नाशिकमध्ये गल्लीतल्या क्लासनं एखाद्या परराज्यातल्या खासगी विद्यापीठाचं 'अधिकृत केंद्र' अशी पाटी लावली असेल तर त्या पदवीला धोका आहे असंच समजावं.

प्रवेश रद्द करायची वेळ आली तर आयोगाचं २०१८ चं कोष्टक लक्षात ठेवा. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा अधिक आधी रद्द केला तर पूर्ण फी परत, प्रक्रिया शुल्क म्हणून फार तर ५ टक्के आणि तेही ५००० रुपयांच्या आत कापून. त्या १५ दिवसांत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, नंतर काही नाही. अर्ज लेखी, पोच घेऊन. तोंडी सांगितलेला दिवस धरत नाहीत.

राहता राहिल्या जुन्या संस्था. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की संलग्नतेची पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायची. पहिला टप्पा स्वायत्ततेचा: अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच. के. के. वाघ अभियांत्रिकी २०२२-२३ पासून या पायरीवर आहे. म्हणजे पेपर काढणं, तपासणं, निकाल लावणं त्यांनी शिक्का मिळायच्या आधी सुरू केलंय. मला हा क्रम जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण पहिल्या दोन-चार तुकड्यांत होणाऱ्या चुका पुण्याच्या नजरेखाली होतात आणि पदवीच्या कागदावर चढत नाहीत. मविप्र आणि गोखले सोसायटीसारख्या शंभरी ओलांडलेल्या संस्थांकडे जमीन आणि माणसं आहेत, कला-वाणिज्य-विज्ञानाच्या मोठ्या तुकड्याही आहेत. त्यांना इमारतीच्या आधी परीक्षा नियंत्रकाचं कार्यालय बांधावं लागेल, आणि त्यात निदान दोन माणसं अशी हवीत ज्यांनी पुण्याच्या परीक्षा विभागात उन्हाळी सत्र काढलंय.